कोरं शेत

आमच्या प्रयोगशाळेत मावशीच्या शेताला 'कोरं' म्हणायचे. मातीच्या पिशव्यांवर गाळ घातलेल्या शेतांचे आकडे असायचे आणि मावशीच्या पिशवीवर नुसतं 'को'. हे तिला पहिल्यांदा कळलं तेव्हा ती कोबीच्या वाफ्यात उभी होती. विळा कमरेला टेकवून तिने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"कोरं? बये, या शेतात मी काय काय पिकवते ते तुझ्या मॅडमला जाऊन सांग. कोरं म्हणे. कोरी तुझी पाटी."

"कोरं म्हणजे रिकामं नाही गं मावशी. ज्यात गाळ कधीच पडला नाही असं. बाकीच्या शेतांत जे सापडेल ते तुझ्या शेताशी ताडून बघायचं. तू तूप मोजायला बसलीस की आधी रिकाम्या पातेल्याचं वजन करतेस ना, तसं."

"म्हणजे मी पातेलं."

"तू नाही, शेत."

"एकच ते," असं म्हणून ती पुन्हा वाकली. मी माती काढायला गुडघ्यावर बसले, तेव्हा तिचं दुसरं निरीक्षण सुरू झालं. आमच्या कामात नवे कपडे चालत नाहीत, पाणी न शोषणारं जाकीट चालत नाही, तोंडाला क्रीम, हाताला लोशन काहीच चालत नाही. आम्ही जी रसायनं शोधतो तीच या सगळ्यात असतात आणि बोटांवरून मातीत उतरतात. त्यामुळे मी दहा वेळा धुतलेला विटका सदरा घालून, केस करकचून बांधून, स्टीलचं खुरपं घेऊन बसले होते.

"असलं ध्यान घेऊन फिरलीस तर झालंच तुझं लग्न," मावशी म्हणाली.

गाळाची गोष्ट अशी होती. शहराचं सांडपाणी शुद्ध करताना तळाला गाळ उरतो. तो वाळवायचा, चाळायचा आणि 'मातीसुधारक' म्हणून शेतकऱ्यांना फुकट वाटायचा. ट्रक बांधापर्यंत येऊन ढीग टाकून जायचा. पिकं जोमात यायची, यात काही खोटं नव्हतं. पण त्या सांडपाण्यात कारखान्यांचंही पाणी मिसळलेलं असे. कापडाला पाणी लागू नये, तव्याला अन्न चिकटू नये म्हणून बनवलेली रसायनं त्यातून गाळात उतरत. ती उन्हाने मोडत नाहीत, जिवाणूंनी मोडत नाहीत. माणसाच्या रक्तात गेली की वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात आणि मूत्रपिंडापासून थायरॉइडपर्यंत कुठेही खोड्या काढतात. पाण्यात ती मोजायची म्हणजे भल्यामोठ्या तलावात चिमूटभर पूड टाकून ती पुन्हा शोधण्यासारखं. ते करणारं मशीन आमच्याकडे होतं. मावशीने गाळ कधीच घेतला नव्हता. त्याचा वास तिला सहन झाला नव्हता, एवढंच कारण.

मशीन होतं, पैसे नव्हते. सरकारकडे केलेले अर्ज परत यायचे. विषय महत्त्वाचा आहे, मात्र सध्याच्या प्राधान्यक्रमात बसत नाही, असं दर वेळी नम्र भाषेत लिहिलेलं असायचं. शेवटी पैसे दिले एका न्यासाने. हा न्यास गाळ वाळवून वाटणाऱ्या कंपन्यांनीच मिळून काढला होता. मी मॅडमना विचारलं होतं, हे कसं चालतं? मॅडम प्रकल्पाच्या प्रमुख. चष्मा डोक्यावर आणि डोळे मशीनच्या पडद्यावर, अशाच त्या मला नेहमी आठवतात.

"मशीनला कुठे कळतंय पैसे कोणाचे ते? ते आकडा देतं. आपण आकडा लिहायचा," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला ते पटलं होतं.

तुलनेचं शेत निवडायचा आमच्या शास्त्रात एक नियम आहे. ते अभ्यासातल्या शेतांच्या जितकं जवळ तितकं चांगलं. माती तीच हवी, उतार तोच हवा, पाऊस तोच हवा. म्हणजे जो फरक दिसेल तो फक्त गाळाचा. मावशीचं शेत गाळाच्या शेतांना लागून, थोडं खालच्या अंगाला होतं. मीच ते सुचवलं. मॅडम खूश झाल्या. आम्ही तिला साग्रसंगीत प्रश्न विचारले: मातीत कधी गाळ घातला का, कुठलं खत, कुठली फवारणी. पाण्याबद्दल कोणी विचारलं नाही. पाणी काही कोणी 'घालत' नाही, ते विहिरीतून येतं.

निकाल आले त्या दिवशी मी पडद्याकडे बघत बसले होते. गाळाच्या शेतांमध्ये जेवढं सापडलं, तेवढंच मावशीच्या शेतातही सापडलं होतं.

"तू हात धुतले होतेस का?" मॅडमनी पहिला प्रश्न हाच विचारला. आम्ही दुसऱ्यांदा माती आणली. या वेळी मॅडम स्वतः आल्या, स्वतः खुरपं धरलं. आकडा हलला नाही. मग मी एक बाटली विहिरीचं पाणी आणलं. ते आराखड्यात नव्हतं, त्यामुळे रजिस्टरच्या बाहेर, दोन नमुन्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत मशीनला लावलं. पडद्यावरची रेघ वर चढत गेली आणि कोपऱ्याला जाऊन टेकली.

मॅडमनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. "गाळातून खाली झिरपलंय. उतारावरून हिच्या विहिरीत आलंय. आणि ही बाई वर्षानुवर्षं तेच पाणी उपसून शेताला पाजतेय." त्यांचे डोळे चमकत होते. "अगं, हे आपण शोधत होतो त्यापेक्षा मोठं आहे!"

मला मात्र मावशीच्या स्वयंपाकघरातला माठ दिसत होता.

न्यासाच्या बैठकीला मॅडम मला घेऊन गेल्या. लांब टेबल, गार खोली, प्रत्येकापुढे सीलबंद पाण्याची बाटली. न्यासाच्या समन्वयकाला आम्ही आपापसात 'मलम' म्हणायचो. कुठेही खरचटलं की हा माणूस मऊ आवाजात दोन शब्द चोळायचा आणि आग तात्पुरती थांबायची. त्याने आमचा आलेख शांतपणे पाहिला, मान डोलावली.

"उत्तम काम. म्हणजे गाळाची शेतं आणि तुलनेचं शेत यांत लक्षणीय फरक नाही. बरोबर?"

"फरक नाही, कारण तुलनेचं शेतच दूषित आहे," मॅडम म्हणाल्या. "विहिरीचा नमुना बघा."

"विहीर आपल्या मंजूर आराखड्यात आहे का मॅडम?"

"नाही, पण..."

"मग ती बाजूला ठेवू. 'लक्षणीय फरक आढळला नाही.' हे वाक्य खोटं आहे का? तुम्हीच सांगा."

मला गप्प बसायला सांगितलं होतं. पण राहवलं नाही. "सर, दोन तापलेल्या माणसांच्या कपाळांना हात लावायचा, दोन्ही सारखीच गरम आहेत म्हणायचं, आणि म्हणून ताप नाही असं लिहायचं. तसं आहे हे."

मलम माझ्याकडे बघून हसला. "उदाहरण छान आहे. शिकवत जा, बाळा."

मग त्याने मॅडमकडे वळून पुढचं सगळं एका दमात, पण तसंच मऊपणे सांगितलं. गाळ वाटपाच्या परवान्याचं नूतनीकरण जवळ आलंय, त्याआधी अहवाल लागेल. अहवाल वेळेत आला तर दुसरा टप्पा मंजूर होईल. त्यात हवं तर विहिरी घाला, कोण नको म्हणतंय. आणि तोवर करारातली गोपनीयता सगळ्यांनी पाळायची. अभ्यासातल्या शेतांचे आकडे कोणालाही सांगायचे नाहीत, मालकांनासुद्धा नाही.

"मालकांना का नाही?" मी विचारलं.

"त्यांच्याच हितासाठी. उद्या बातमी फुटली तर त्यांची भाजी कोण घेईल? जमीन कोण घेईल? आपण त्यांना जपतोय."

जपतोय! हा शब्द उच्चारताना त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. विहिरीत विष जाऊ द्यायचं, आणि विहिरीच्या मालकिणीला ते कळू नये म्हणून कुलूप लावायचं, आणि त्या कुलपाला जपणूक म्हणायचं.

जिन्यात मी मॅडमना गाठलं. "तुम्ही सही करणार?"

"दुसऱ्या टप्प्यात पाणी घालू म्हणालेत ना."

"दुसरा टप्पा सुरू होईपर्यंत मावशीने काय प्यायचं?"

मॅडम दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "तुला काय वाटतं, मला चीड येत नाही? पण मशीनची दुरुस्ती न्यास करतोय. तुझा पगार न्यास देतोय, आणखी चौघांचा देतोय. उद्या मी हात झटकले तर ते दुसऱ्या कोणाला तरी पकडतील. तो विहिरीकडे बघणारसुद्धा नाही. निदान आपण आत तरी आहोत."

"आत राहून आपण काय करतोय मॅडम?"

त्या उरलेल्या पायऱ्या उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेले. ती ओट्याशी बसून पालक निवडत होती. तिची नात शाळेत, सून कामावर. मी सगळं सांगितलं. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. मावशीचे हात चालूच होते. पिवळी पानं एकीकडे, हिरवी एकीकडे.

"हे तुला कधी कळलं?"

"दोन-तीन आठवडे झाले. आधी खात्री करायची होती. मग बैठक होती."

"म्हणजे तुझ्या मशीनला माहीत. मॅडमला माहीत. त्या गुळगुळीत माणसालाही माहीत. आणि मी इकडे पोरीच्या डब्यासोबत रोज बाटली भरून देतेय."

"मावशी, सांगायला बंदी होती."

"आणि प्यायला नव्हती?"

तिने निवडलेला आणि न निवडलेला पालक एकत्र केला, उचलला आणि कचऱ्याच्या बादलीत टाकला.

"तुझे काका मूत्रपिंडानेच गेले," ती म्हणाली.

"एका माणसावरून तसं सांगता येत नाही, मावशी." हे मी म्हणाले. शास्त्र म्हणून ते अचूक होतं आणि अजूनही अचूक आहे.

"एका माणसावरून सांगता येत नाही," ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली. "मला एकच होता."

कोंबड्या दारात येऊन चोच मारत होत्या. मावशीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. "अंडीपण?" तिने विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. ती आठवडी बाजारात अंडी विकायची. तिची गिऱ्हाइकं ठरलेली होती, लहान मुलांच्या आया तिच्याचकडून न्यायच्या.

"आणि त्या अहवालात माझं नाव काय लिहिलंय?"

"नाव नाही. 'तुलना क्षेत्र' एवढंच."

"म्हणजे माझ्या शेताकडे बोट दाखवून ते सगळ्यांना सांगणार, हे बघा, गाळ नसलेलं शेत असं असतं, तुमचंही तसंच आहे, घाला खुशाल गाळ. असंच ना?"

"असंच."

मावशी उठली. माठ उचलून तिने तो अंगणात नेला आणि उपडा केला. पाणी फरशीवरून वाहत मोरीकडे गेलं. "माझ्या शेताची खोटी साक्ष मी देणार नाही. मला काढ त्यातून."

तसं काढता येत होतं. कोणत्याही अभ्यासातून जमिनीचा मालक कधीही, कारण न देता बाहेर पडू शकतो. तेवढा एक अधिकार तिच्याकडे होता आणि तो कुठल्याही गोपनीयतेखाली झाकलेला नव्हता. ती माझ्यासोबतच निघाली. बाजाराला जाताना नेसते तशी स्वच्छ साडी नेसली, आणि प्रयोगशाळेत मॅडमच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"मी पातेलं," ती म्हणाली.

मॅडमना काही कळेना.

"कोऱ्या शेताची मालकीण. माझं शेत परत द्या. आणि विहिरीचा आकडा काय तो मला सांगा. माझी विहीर आहे, तुमच्या न्यासाने खणलेली नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

"हो."

"मला विचारलं नाहीस ते बरं केलंस. विचारलं असतंस तर नाही म्हणावं लागलं असतं." त्यांनी खुर्ची ओढून मावशीला दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या. आकडा सांगितला, त्याचा अर्थ सांगितला. कुठलं पाणी प्यायचं, काय विकायचं नाही, हेही सांगितलं. मावशीने मधे एकदाच विचारलं, "हे साफ कोण करणार?" मॅडम म्हणाल्या, "त्यासाठी कुठेच पैसे ठेवलेले नाहीत."

"शोधायला आहेत, साफ करायला नाहीत?"

"शोधायलासुद्धा नाहीत, मावशी," मॅडम म्हणाल्या. "न शोधायला आहेत."

मावशी गेल्यावर मॅडमनी मलमला फोन लावला आणि माझ्यासाठी आवाज मोठा केला. तुलनेचं शेत बाहेर पडलंय. आता फरक आहे किंवा नाही, यातलं काहीच लिहिता येत नाही. परवान्याची तारीख त्याच्या डोळ्यांसमोर नाचत असणार.

"मग दुसरं घ्या की मॅडम. तिथलंच, जवळपासचं. लवकर घ्या."

"निवडायचं तर आधी तपासावं लागेल. माती आणि पाणी, दोन्ही. एकदा हात पोळलेत."

"तपासा हो. खर्च निवडीच्या खात्यात टाका. पण शेत मिळालं पाहिजे."

फोन ठेवून मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. त्यांनी करार काढून गोपनीयतेचं कलम मला मोठ्याने वाचायला लावलं. ते अभ्यासात समाविष्ट असलेल्या शेतांपुरतं होतं.

"ज्या शेताची निवड झाली नाही, ते अभ्यासात आहे का?" त्यांनी परीक्षेत विचारावं तसं विचारलं.

"नाही."

"मग निवड का झाली नाही, हे मालकाला सांगणं हा साधा शिष्टाचार आहे. आपण काय उद्धट माणसं आहोत?"

त्यानंतर आम्ही कोरं शेत शोधत फिरलो. ज्यांनी कधीच गाळ घेतला नाही असे लोक शोधायचे, त्यांची माती घ्यायची, विहिरीचं पाणी घ्यायचं, मशीनला लावायचं आणि परत जाऊन सांगायचं, माफ करा, तुमचं शेत आम्हाला चालणार नाही, कारण हे असं आहे. कोणी आमच्यावर ओरडलं. कोणी आकडा पुन्हा पुन्हा सांगायला लावला. एका म्हाताऱ्याने तर आम्हालाच झापलं, "आमचं शेत नापास करायला तुम्ही कोण?" त्याला वाटलं आम्ही त्याच्या शेतीला नावं ठेवतोय. मॅडम त्याच्या अंगणात तासभर बसून राहिल्या.

जे पैसे न्यासाने विहिरींसाठी कधीच दिले नसते, ते आता न्यासच देत होता, आणि आम्हाला अजून एकही कोरं शेत सापडलं नव्हतं.

मावशीने बाजारात जाणं बंद केलं. त्याआधी एकदा शेवटची गेली, रिकाम्या टोपल्या घेऊन. आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिने स्वतः सांगितलं. एका बाईने तिला वाटेल ते ऐकवलं, आमच्या पोरांना विष घातलंस म्हणाली. मावशीने ऐकून घेतलं. घरी येऊन मात्र मला फोन करून पाच मिनिटं त्या बाईच्या नावाने शंख केला, मग म्हणाली, "तिचं काय चुकलं? मी तिच्या जागी असते तर टोपलीच डोक्यात घातली असती." पिण्याचं पाणी ती शहरातून कॅनमध्ये आणायला लागली. मोटर बंद होती. कोबी वाफ्यातच वाळून करडा पडला. गाळाचे ट्रक मात्र वरच्या अंगाला येतच होते.

मग एका दुपारी मलमचा फोन आला. मॅडमनी याही वेळी आवाज मोठा केला. नापास झालेल्या शेतकऱ्यांपैकी कोणीतरी थेट न्यासाच्या कार्यालयात जाऊन धडकला होता. आवाजातला मऊपणा तसाच होता, फक्त घाई वाढली होती.

"शोध थांबवा मॅडम. जी तपासलीत त्यातलं एखादं घ्या."

"त्यातलं एकही कोरं नाही."

"शंभर टक्के कोरं कुठे असतं हो जगात? तुलनेने कोरं असेल ते घ्या."

मॅडमनी फोन तोंडापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं, जणू तो त्यांच्या हातात घाण झाला होता. "तुलनेने कोरं," त्या सावकाश म्हणाल्या. "माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं."

"हे बघा, भावनेच्या भरात नको. आणखी एक. ज्यांचे निकाल अजून सांगायचे राहिलेत, त्यांना सांगू नका. ती सगळी शेतं न्यास अभ्यासात समाविष्ट करून घेतोय. म्हणजे तीही गोपनीय. लेखी आदेश उद्या सकाळी तुमच्या हातात पडेल."

मॅडमनी विचारलं, "उद्या सकाळी?"

"हो. पहिल्या डाकेने."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी इतकी संतापले होते की मला हातातली नळी खाली ठेवावी लागली. सांगून टाकलेल्यांचं काही करता येत नाही, म्हणून उरलेल्यांना घाईघाईने जाळ्यात ओढायचं! विहीर तीच, पाणी तेच. रात्रीतून ते पाणी गोपनीय होणार होतं.

मॅडम मशीनपाशी गेल्या. त्याच्या झाकणावरून त्यांनी एकदा हात फिरवला. दुसरा टप्पा गेला होता आणि त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं. पाच जणांचे पगार, मशीनची दुरुस्ती, सगळंच. मग त्यांनी पर्स उचलली.

"किती जण राहिलेत?"

"चार घरं."

"गाडी काढ."

वाटेत मावशीला घेतलं. तिला मी फक्त फोनवर सांगितलं होतं, तर ती पाण्याचा छोटा कॅन घेऊन रस्त्यावर येऊन उभीच होती. मॅडम म्हणाल्या, तुम्ही कशाला त्रास घेता? मावशी मागच्या सीटवर बसता बसता म्हणाली, "तुम्ही आकडे सांगाल. पण तुम्हाला दारात उभं कोण करेल? ही असली पोरगी बघून लोक भिकारीण समजून दार लावतील." मॅडम कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसल्या.

पहिलं घर एका बाईचं होतं. मावशीपेक्षा वयाने लहान, हात पिठाने माखलेले. मावशीला बघून तिचा चेहरा खुलला. "या ना, या. बसा, पाणी आणते."

"पाणी राहू दे," मावशी म्हणाली. "तू बस आधी."

ती बसली. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि विहिरीच्या आकड्यापासून सुरुवात केली. काहीच गाळलं नाही. मी बाईच्या हातांकडे बघत होते. पीठ बोटांवरच वाळत गेलं आणि तिने ते झटकलं नाही.

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"काल संध्याकाळी," मॅडम म्हणाल्या.

तिने मान हलवली. मग तिचा आवाज बदलला. "आणि गाळवाल्यांना?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. तो प्रश्न विचारायला आम्हाला कोणी पैसे दिले नव्हते, आणि कोणी देणारही नव्हतं.

मावशी उठून उभी राहिली. "तेच विचारायला त्यांच्या दारात जायचंय, उद्या सकाळी, सगळ्यांनी. वाटेत अजून तीन घरं आहेत, त्यांनाही सांगायचंय." तिने त्या बाईचा हात धरून तिला उठवलं. "चल. हात धू आणि चप्पल घाल. हे घे, माझ्या कॅनमधलं पाणी आहे."